मागचा उजवा पाय

काल सकाळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार आली. कुणीतरी कचरा जाळतंय, धूर थेट बेडरूममध्ये येतो, लहान मुलांना त्रास होतो, वॉचमन काय झोपा काढतो का, वगैरे. पाठोपाठ पाच-सहा जणांनी तोंडाला मास्क लावलेली चित्रं टाकली. मी गॅलरीत जाऊन वास घेतला आणि मनात म्हटलं, बाबांनो, हा कचरा नव्हे, हा राब आहे. डोंगराच्या कडेला कुणीतरी अजून भात लावणारं आहे. त्याने पालापाचोळा, शेण आणि वाळकं गवत जमिनीवर पसरून पेटवलंय. पाऊस पडला की त्याच भाजलेल्या जमिनीत तो भाताचं रोप करणार. हे सगळं ग्रुपवर लिहायला हवं होतं, पण लिहिलं नाही. करंजाड्यात राहायला आल्यापासून मी गप्प बसायला शिकलो, असं आमची ही म्हणते. तिला काय माहीत. गप्प बसायला मी त्याच्या कितीतरी आधी शिकलो, आणि तेही राबाच्याच दिवसांत.

होळी सरली की आमच्या गावात हे दिवस लागायचे. आमचं गाव म्हणजे आता नोडमधला एक सेक्टर आहे, पण तेव्हा गाव होतं. फांद्या छाटायच्या, वाळवायच्या, शेण फोडून पसरायचं, वर माती भुरभुरायची आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन काडी लावायची. दुपारी सगळ्या खाचरांवर निळसर थर बसलेला असायचा. डोळे चुरचुरायचे. अंगातल्या सदऱ्याला, ताकाला, कैरीच्या फोडीलासुद्धा धुराचा वास यायचा. आणि बैलांची देवघेवही याच दिवसांत चालायची, कारण पाऊस पडायच्या आत जोडी तयार हवी. ज्याचा बैल म्हातारा झाला, ज्याची जोडी फुटली, तो माणूस गावोगाव हिंडायचा आणि हिंडता हिंडता आमच्या ओटीवर येऊन बसायचा. आमच्या आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, जनावराचे पाय कळायचे.

"लोक बैल बघायला जातात नि शिंगं बघून येतात," असं आबा वैतागून म्हणायचे. त्यांची रीतच वेगळी होती. ते बैलाच्या मालकाला एक गोणपाट आडवं धरायला लावायचे, बैलाचं तोंड आणि वशिंड झाकलं जाईल असं. "त्वांड बघितलं का मानूस भुलतो. पायाला त्वांड नसतं." मग ते मागे जाऊन उकिडवे बसायचे. मागच्या पायांची ढोपरं एकमेकांना घासत नाहीत ना, ते बघायचे. मग बाजूला यायचे. मागचा पाय कोयत्यासारखा फार वाकलेला नको आणि खांबासारखा सरळसोटही नको. सरळ पाय दिसायला रुबाबदार, पण दणका सोसायला त्यात लवच नसते. सगळा भार सांध्यावर येतो, सांधा सुजतो, त्यात पाणी धरतं. मग खुराच्या दोन्ही फाका सारख्या झिजल्यात का ते बघायचं, खुरावर पालथा हात ठेवून ऊब लागते का ते बघायचं आणि शेवटी कडक जमिनीवर चालवायचं. पुढच्या पावलाच्या ठशावर मागचं पाऊल यायला हवं. पेंढ्यात उभा केलेला बैल ते बघतच नसत. पेंढा मऊ, त्यात पाय बुडतो, खोट लपते. "पेंढा सारा, नायतर मी निंगालो," म्हणायचे, आणि खरंच निघायचे.

हे सगळं मी आबांकडून उचललं. पुढे जनावरांच्या दवाखान्यात नोकरी लागली. डॉक्टर नव्हे, डॉक्टरांच्या हाताखाली. पण लोक मला डॉक्टरभाऊ म्हणायचे आणि मी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. तालुक्यात कुठेही बैल घ्यायचा झाला की, आधी भाऊंना दाखवा. माझी मान ताठ असायची तेव्हा. मिजास म्हणा हवं तर, मीही आता तेच म्हणतो.

आता सोमीबद्दल सांगायला हवं. तिचं नाव घेतलं की अजून माझे कान गरम होतात.

आमच्या गावची गुरं डोंगरावर चारायला न्यायचा काळू ठाकर, आणि त्याच्यासोबत त्याची बायको सोमी. लग्न होऊन आली तेव्हा अठरा-वीस वर्षांची असेल. गुरं राखायची काळूने, पण ओळखायची हिने. संध्याकाळी कळप परत आला की आबा ओटीवरून विचारायचे, "सोमे, आज काय?" ती न थांबता, काठी हलवत सांगून जायची. मुकादमाची कपिली पुढला डावा टेकवत नाय. तुमच्या पाड्याच्या खुरात खडा हाय. आबा उठून बघायचे आणि खडा निघायचा. मग माझ्याकडे बघून म्हणायचे, हिच्याकडून शीक जरा. मला भारी राग यायचा. मी शिकलेला, खिशाला पेन लावून हिंडणारा, आणि मी हिच्याकडून शिकायचं?

पुढे नव्या शहरासाठी आमच्या जमिनी गेल्या, जमिनींपाठी गुरं गेली आणि काळू-सोमीचं राखणं सुटलं. त्यांच्याकडे उरली ती डोंगराच्या उतारावरची चिंचोळी दळी, म्हणजे वनखात्याने कधीकाळी कसायला दिलेला तुकडा. तिथे ट्रॅक्टर चढत नाही, अजूनही चढत नाही. नांगराला बैलच लागतात. तिच्याकडे एक तांबडा बैल होता. त्याचा जोडीदार एका थंडीत साप चावून मेला. बारा-तेरा वर्षं झाली त्याला. त्या साली राब भाजून तयार होता, बियाणं मडक्यात होतं आणि दावणीला एकच बैल होता. जोडी जुळली तर वर्षभराचं भात, नाही जुळली तर वीटभट्टी. इतका साधा हिशेब होता तो, आणि मला तो पुरता ठाऊक होता.

तिच्या मामाच्या पाड्यावर एक काळा बैल होता. ठेंगणा, एक शिंग खाली वळलेलं, बघावासा वाटणार नाही असा. मामा तो पावसाळ्यापुरता द्यायला तयार होता. ती हो म्हणणार, एवढ्यात मी मध्ये पडलो.

माझी मोठी बहीण जासईला दिली. दाजींच्या शेताच्या तीन बाजूंना बंदराचे कंटेनर रचले गेले आणि शेवटी शेतही गेलं. मग बंगला उठला. एक बैल आधीच कुणीतरी नेला होता, दुसरा राहिला होता. पांढराशुभ्र, काळेभोर डोळे. दाजींनी मला फोन केला. "बैल कसायाला देनार नाय मी. कुनी गरजू असंल तर सांग. वास्तुशांतीला चार मानसांत देऊन टाकतो." मला भरून आलं. किती मोठ्या मनाचे आपले दाजी, आणि आपणही काही कमी नाही, आपल्याला लगेच सोमी आठवली. असं स्वतःच्याच पाठीवर हात फिरवत मी टेम्पो ठरवला आणि सोमी-काळूला घेऊन जासईला निघालो.

वाटेत सोमीने विचारलं, "भाऊ, मामाचा मानूस संध्याकाळी येनार हाय काळ्याचं इचारायला. काय सांगू?"

"नको म्हणून सांग," मी म्हटलं. "दाजींचा बैल म्हणजे बघायला नको."

बैल बघायच्या आधी हे बोललो मी. आबांचा मुलगा.

मांडव मोठा होता. स्पीकरवर सनई, कढईत पुऱ्या, पाहुण्यांची ये-जा. मांडवाच्या कडेला पेंढ्याचा चांगला गुडघाभर थर टाकून त्यात बैल उभा केला होता. गळ्यात झेंडूची माळ, कपाळाला हळद-कुंकू. माझी नजर सवयीने खाली गेली. पेंढा असूनही दिसायचं ते दिसलंच. मागचा उजवा पाय त्याने नुसता नखावर टेकला होता. मी बघत असताना त्याने एकदा भार उजव्यावर घेतला आणि लगेच डाव्यावर टाकला. पाय वरपासून खाली सरळ, जसा खांब. सांध्याच्या आतल्या अंगाला लिंबाएवढी सूज. एका श्वासात कळलं मला. सपाटीवर कुठेतरी नुसता बांधून ठेवला असता तर दोन-चार वर्षं काढली असती त्याने. डोंगरावर नांगराला तो आठवडाभरही टिकणार नव्हता.

आमच्यात एक रीत आहे. देण्याच्या जनावराला एकदा हळद लागली की त्याची खोट काढायची नाही. काढली तर देणाऱ्याच्या घराला दोष लागतो म्हणतात. ज्याला बघायचं असेल त्याने हळदीच्या आधी बघायचं. आम्हाला पोचायला उशीर झाला होता, हळद लागून गेली होती. पण रीत म्हणजे काही कुणी तोंडावर पट्टी बांधलेली नव्हती. दाजींना बाजूला घेऊन सांगता आलं असतं. सोमीला टेम्पोपाशी नेऊन, मामाला हो म्हण, एवढं सांगता आलं असतं.

सोमी बैलापाशी गेली. क्षणभर उभी राहिली, काळूशी काहीतरी हलक्या आवाजात बोलली आणि मग माझ्याकडे वळली. "भाऊ, तुमी बघा ना जरा."

चाळीस-पन्नास माणसं बघत होती. फोन वर झाले होते. दाजी हसत म्हणाले, "बघ बघ, तुझा तो धंदाच हाय." ताई आरतीचं ताट घेऊन उभी होती. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिचे डोळे सांगत होते की आज काही बोलू नकोस. मी पुढे झालो. वाकलो नाही. खाली हात घातला नाही. बैलाच्या पाठीवर थाप मारली, पाठीवर, आणि म्हटलं, "घे सोमी. चांगला हाय बैल."

टाळ्या वाजल्या. फोटो निघाला. मग पंगत बसली आणि मी बासुंदी दोनदा मागून घेतली. सोमी आणि काळू सगळ्यांच्या शेवटी, मागच्या बाजूला जेवले.

डोंगराच्या पायथ्याशी बैल उतरवला तेव्हा काळू म्हणाला, चला ना भाऊ वर, च्या घेऊन जा. मी म्हटलं, काम आहे. काम कसलं डोंबलाचं. त्या चढावर बैलामागून चालायची माझी हिंमत नव्हती. चाललो असतो तर प्रत्येक पावलाला बघावं लागलं असतं.

नांगर धरल्याच्या तिसऱ्या दिवशी काळू दवाखान्यात आला. मी वर गेलो. बैल बांधाला टेकून बसला होता, मागचा उजवा पाय लांब करून. सोमीने निरगुडीचा पाला वाटून सांध्यावर बांधला होता आणि पावसात भिजत त्याच्या तोंडाशी गवत धरून बसली होती. मी सुई दिली. दोन सुया दिल्या. काही उपयोग होणार नाही हे माहीत असताना तिसरी दुसऱ्या दिवशी देईन म्हणून सांगितलं. मला वाटत होतं, आता ही बोलेल. ती बोललीच, पण वेगळंच.

"आमचा डोंगरच वाईट, भाऊ. तुमी येवढा चांगला बैल दिलात, आमच्या उतारानं मोडला."

तेव्हा तरी बोलायचं की नाही? नाही बोललो. "होतं असं," म्हणालो. होतं असं! आणि निघताना तिने घोंगडीखालून शेवळांची जुडी काढून माझ्या हातात दिली. पहिल्या पावसात रानात उगवतात, खाजरी असतात, पण काकडं, म्हणजे रानातली आंबट फळं, घालून नीट केली की मटणाला मागे सारतात. तिने ती विकायला काढून आणली होती. मी घेतली. घरी हिने केली, मी खाल्ली आणि चांगली झाल्येत म्हटलं.

अर्धी दळी त्यांनी कुदळीने खणून लावली, अर्धी तशीच राहिली. मामाचा काळा बैल दुसऱ्या कुणाकडे गेला होता. पांढरा भादव्यात मेला. दिवाळीनंतर ती दोघं मुलांना घेऊन भट्टीवर गेली आणि मोठ्या मुलीची शाळा सुटली ती सुटलीच. पुढच्या वर्षी मामाने बैल दिला, त्यापुढेही दिला, त्यांचं कसंबसं चालत राहिलं. पण ती मुलगी पुन्हा शाळेत गेली नाही, हे मला माहीत आहे, कारण मी चौकशी करत राहिलो. दुरून, दुसऱ्यांकडे.

माणूस स्वतःला काय काय समजावतो. हळद लागली होती. ताईचं घर होतं. देणाऱ्याने दिलं, घेणारीने घेतलं, मी कोण? बैल एखादवेळी तगलाही असता. रात्री अंथरुणावर पडलं की हे सगळं पटतं, सकाळी दात घासताना पटत नाही. आणि वर माझं नाव तसंच राहिलं. लोक बोलवत राहिले, मी पेंढा सारायला लावून, उकिडवं बसून, चालवून बघत राहिलो. त्या दिवसानंतर मी एकाही बैलाबद्दल खोटं बोललो नाही. पण त्याचा सोमीला काय उपयोग?

दाजींच्या दिवाणखान्यात तो फोटो अजून आहे. मोठा करून, सोनेरी चौकटीत. दर भाऊबीजेला ताई मला नेमकी त्याच्याखालच्या सोफ्यावर बसवून ओवाळते. दाजी बैलाची दोरी सोमीच्या हातात देतायत, मी बैलाच्या पाठीवर हात ठेवून हसतोय. पेंढा मागच्या बाजूला थोडा विस्कटलेला आहे आणि त्यात तो पाय स्पष्ट दिसतो, नखावर टेकलेला. येणारे-जाणारे सगळे फोटोचं कौतुक करतात. कुणालाच तो पाय दिसत नाही.

सोमीच्या जावयाचे गेल्या काही वर्षांत मला तीन-चार फोन आले. सासूबाय बोलवतात, जनावर बघायचंय. दरवेळी मी गुडघ्यांचं निमित्त सांगितलं. निमित्त खोटं नाही, गुडघे दुखतात, माझेही पाय आता आबांच्या परीक्षेत नापासच झाले असते. पण काल तो धूर आला आणि दुपारी नेमका त्याचाच फोन आला. गोऱ्हा बघायचाय, शेजारच्या पाड्यावरचा, याल का. मी हो म्हटलं. रिटायर झालो, साठी उलटली, आता कुणाची भीड धरायची राहिली आहे? जाऊन सांगून टाकायचं.

आज सकाळी गेलो. स्कूटर खाली लावून दमादमाने चढलो. राब भाजून झाला होता, जमीन काळीभोर आणि चपलेखालून अजून कोमट लागत होती. सोमी अंगणात करवंदं निवडत बसली होती. केस पांढरे झालेत. काळू लाकडाला गेला होता. जावई गोऱ्हा आणायला गेला, आम्ही दोघंच उरलो. पाणी प्यायलो आणि बोललो, नाहीतर पुन्हा राहिलं असतं.

"सोमी, जासईचा तो बैल. त्याचा पाय वाईट होता. मला तेव्हाच दिसला होता. मी खोटं बोललो तुझ्याशी."

तिचा हात थांबला नाही. करवंदातला पाला बाजूला करत ती म्हणाली, "पाय वाईट व्हता, ते मलाबी दिसलं व्हतं."

इतक्या वर्षांत मी ती रागावेल हे गृहीत धरलं होतं, रडेल हे धरलं होतं, शिव्यासुद्धा देईल हे धरलं होतं. याची तयारी मी केली नव्हती.

"कधी?"

"तवाच. मांडवात शिरलो तवा. यांना मी बोलले पन, मागला उजवा धरून हाय, आपल्याला मामाचा काळाच बरा."

"मग घेतलास कशाला? मला का नाही बोललीस?"

"तुमी बोललात ना, चांगला हाय." ती अगदी सहज सांगत होती, कुणाच्या लग्नाची गोष्ट सांगावी तसं. "तुमी शिकल्याले, डाक्टर. मंग मला वाटलं, मलाच नीट दिसत नाय. येवढी वर्सं उगाच बोलत व्हते गुरांचं."

"तुला बरोबर दिसलं होतं," मी म्हटलं. "अगदी बरोबर. चूक माझी होती, सोमी. माझी."

"आसूद्या भाऊ. झालं त्याला लय दिस झाले."

तेवढ्यात जावई गोऱ्हा घेऊन आला. अंगण शेणाने सारवलेलं, घट्ट. त्याने गोऱ्ह्याला दोनदा इकडून तिकडे चालवलं आणि माझ्याकडे बघत उभा राहिला. मी म्हटलं, "सोमी, आधी तू सांग."

"मी नाय बघत आता."

"बघ तरी."

"मला कुठं कळतंय त्यातलं," ती म्हणाली आणि करवंदांची दुसरी ओंजळ सुपात घेतली. "तवापासून सोडलं मी बघायचं. तुमी सांगा."

मी आणखी दोनदा विनवलं. मग गुडघे धरून खाली बसलो. मागून बघितलं, बाजूने बघितलं, चारही खुरांवर पालथा हात ठेवला, पुन्हा चालवायला लावून पावलावर पाऊल पडतंय का ते बघितलं. गोऱ्हा निर्दोष होता. मी तसं सांगितलं.

सोमीने लगेच मान डोलावली आणि जावयाला म्हणाली, "घे, भाऊ बोलले." गोऱ्ह्याच्या पायांकडे तिने एकदाही बघितलं नाही.